पीडीएफवर शिक्का आमच्या अभ्यासिकेचा आहे, आता जबाबदारी कुणाची?

अभ्यासिकावाला, सोलापूर

नमस्कार. लांबलचक लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल.

सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकापासून चालत दहा मिनिटांवर माझी अभ्यासिका आहे. ६४ खुर्च्या. जागा म्हणजे आमचा जुना कारखाना. अप्पांचे आठ माग इथं चालायचे, जकार्डच्या चादरी निघायच्या. शेवटचे दोन माग २०१६ साली भंगारात वजनावर गेले. २०१८ पासून त्याच पत्र्याखाली पोरंपोरी राज्यसेवा, कंबाइन, तलाठी, पोलीस भरतीचा अभ्यास करतात. महिन्याला ६०० रुपये घेतो. एक मोठं कपाट आहे, त्यात चारशेच्या आसपास पुस्तकं, सगळी पैसे मोजून घेतलेली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या आणि सतराव्या पानावर आमचा गोल शिक्का असतो. सतरावं पान अशासाठी की मी लहानपणी ज्या वाचनालयात जायचो तिथं आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारायचे. पहिलं पान फाडून कुणी पुस्तक पळवलं तरी ओळखू यावं म्हणून.

दाराशी झेरॉक्स मशीन आहे. २०१९ ला जुनं घेतलेलं.

मागच्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. मराठवाड्यात राहतात. स्पर्धा परीक्षेसाठी मराठी व्याकरणाचं पुस्तक त्यांनी लिहिलंय आणि स्वतःच्या पैशानं छापलंय. किंमत ३८० रुपये. म्हणाल्या, "माझ्या पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर फिरतेय. सतराव्या पानावर तुमचा शिक्का आहे, त्यातला नंबर बघून फोन केला." आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. दोन हजार प्रती छापल्या होत्या, सातशे अजून घरातल्या दिवाणाखाली आहेत, हेही त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं.

मी फोन ठेवून कपाट उघडलं. पुस्तक जागेवर होतं. मधली पानं दाबून दाबून कणा मोडलेला. कुणीतरी मोबाइलवर स्कॅन केलंय हे उघड होतं. सगळ्यांना विचारलं, कुणीच बोललं नाही. मग अभ्यासिकेचा व्हॉट्सॲप ग्रुप मागे मागे बघत गेलो. ॲडमिन मीच आहे. ती फाईल आमच्या ग्रुपवर पाच महिन्यांपूर्वी रात्री ११:४० ला पडली होती. खाली नऊ जणांनी हात जोडलेत. आणि मला आठवलं की मी ती तेव्हाच पाहिली होती. पाहिली आणि पुढे गेलो.

आता बाईंना जे सांगितलेलं नाही ते इथं लिहितो. त्यांच्या पुस्तकाची अख्खी झेरॉक्स माझ्या मशीनवर निघालीय. ३०४ पानं, पाठपोट, पानाला ५० पैसे, वर स्पायरलचे ३० रुपये, म्हणजे १८२ रुपयांत पुस्तक. मी हिशेबाची वही ठेवतो, त्यात मोजले. ४६ संच.

हे इतकं मनाला का लागलं ते सांगतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावायचं. टेरी टॉवेललाही आहे. पण मानांकनाच्या आधी आणि नंतरही, बाहेरगावचा हलका माल 'सोलापुरी' म्हणून विकला जायचाच. एका आषाढीला अप्पा पंढरपूरला गेले होते. रस्त्याकडेला चादरींचा ढीग, वर पुठ्ठ्यावर 'अस्सल सोलापुरी'. अप्पांनी एक विकत घेऊन घरी आणली, कारखान्यात खाली पसरली आणि आम्हा भावांना बोट लावून सूत दाखवलं. दोन धुण्यांत विरणारं सूत. दुसरी गोष्ट नक्षीची. अप्पांनी आलेखाच्या कागदावर मोराचं एक डिझाइन काढलं होतं, तीन आठवडे लागले, मग त्याचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं, पंच करून घेतले. दीड महिन्यात तोच मोर पलीकडच्या गल्लीतल्या मागावर. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. तक्रार कुणाकडे करायची हेच माहीत नव्हतं त्यांना.

त्याच जागेत, मागाच्या खुंट्या अजून जमिनीत आहेत तिथं, माझं मशीन उभं आहे.

तर मला विचारायचंय ते असं. ग्रुपवरच्या फाईलला ॲडमिन म्हणून मी जबाबदार का? शिक्क्यामुळे काय होतं? झेरॉक्सबद्दल कायदा काय म्हणतो, कारण सगळे म्हणतात शिक्षणासाठी चालतं. आमच्याकडे एक मुलगा आहे, त्याला खूप कमी दिसतं, त्याच्यासाठी मी पानं ए-३ वर मोठी करून देतो, तेही चुकीचंच का? आणि शेवटचं, हे ४६ त्या बाईंना सांगू का? वकील मित्र असतील त्यांनी कायद्याचं सांगावं, बाकीच्यांनी जे वाटतं ते सांगावं. मला बरं वाटावं म्हणून कुणी काही लिहू नका.

वकील, सात रस्ता

जिल्हा न्यायालयात आहे, फौजदारी कामं जास्त. कागद पाहिल्याशिवाय सल्ला देता येत नाही, पण तुमची बाजू कुठे कच्ची आणि कुठे पक्की ते सांगतो.

ग्रुपचं आधी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की एखाद्या सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, दोघांनी मिळून ठरवून केलंय असं काही दिसलं पाहिजे. ते प्रकरण कॉपीराइटचं नव्हतं, एका महिला सदस्याबद्दलच्या भाषेचं होतं, तरी युक्तिवाद तोच करता येईल. तेव्हा नुसतं ॲडमिन असणं तुम्हाला बुडवणार नाही. पण फाईल अजून ग्रुपवर असेल तर हे वाचून होताच काढा. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ६३ मध्ये 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. बाईंचा फोन आल्यानंतर मला माहीत नव्हतं असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

शिक्क्यावरून प्रत तुमच्या कपाटातली होती एवढंच कळतं. पुस्तक विकत घेऊन दुसऱ्याला वाचायला देणं हा गुन्हा नाही.

तुमची खरी अडचण मशीन आहे. पैसे घेऊन अख्ख्या पुस्तकाच्या ४६ प्रती, तुमच्याच हाताखाली. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. धंद्याच्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण तुमच्या वहीत दर लिहिलेला आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं. त्याआधी देशभरात यावर दोन मतं होती. उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि त्या काढायची साधनं जप्त करू शकतो. शिवाय दिवाणी दावा वेगळा, आणि कलम ६२ प्रमाणे तो त्या बाई स्वतः राहतात तिथल्या जिल्हा न्यायालयात लावू शकतात. तारखांना तुम्ही तिकडे जायचं. पुस्तकाची कुठे नोंदणी केलेली नसली तरी हक्क त्यांचाच, तेही मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

'शिक्षणासाठी चालतं' हे लोक दिल्लीच्या निकालावरून म्हणतात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्यावर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला गेला, डिसेंबरमध्ये खंडपीठानं तो पुन्हा ऐकायला पाठवला पण शिक्षणासाठीची सवलत मान्य केली, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच दावा मागे घेतला. निकाल चांगला आहे, गरीब विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे. पण तो वाचा. तिथं प्राध्यापकांनी अभ्यासक्रमाप्रमाणे निरनिराळ्या पुस्तकांतले भाग निवडून संच बांधले होते. कलम ५२ मधली सवलत शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला, शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या मजकुरापुरती आहे. तुमच्याकडे शिकवतं कोण? तुम्ही खुर्ची आणि दिवा देता. ग्रंथालयाचीही एक सवलत आहे, तीन प्रतींपर्यंत, पण ती ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आणि भारतात विकत मिळतच नाही अशा पुस्तकापुरती. तुम्ही फी घेता आणि पुस्तक दिवाणाखाली सातशेच्या संख्येनं शिल्लक आहे.

कमी दिसणाऱ्या मुलाचं काम मात्र बिनधास्त चालू ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये दिव्यांगांसाठी वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायची मुभा आली. नफा घ्यायचा नाही, खर्चापुरते पैसे घ्यायचे, आणि ती प्रत दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्यायची नाही. पुढे २०१४ मध्ये याच विषयावरच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला.

तुमच्या वडिलांच्या मोराबद्दलही लिहितो, कारण ते वाचून मी बराच वेळ थांबलो. पुस्तकाला नोंदणी लागत नाही. चादरीच्या नक्षीला लागते, डिझाइनच्या कायद्याखाली. आणि कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगतं की नोंदणी करता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही, आणि ती यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा निघाली, की तिच्यावरचा कॉपीराइटही संपतो. ५१ वी चादर मागावरून उतरली तेव्हा तुमच्या वडिलांचा हक्क गेला होता, आणि ती त्यांनीच उतरवली असणार. हा कायदा मला विणकरांवर अन्याय करणारा वाटतो. कारखान्यात बसणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

४६ बद्दल वकील म्हणून सांगायचं तर लेखी काही कबूल करू नका. माणूस म्हणून माझं मत वेगळं आहे, पण ते तुम्ही मला कोर्टाबाहेर विचारा.

रात्रीची बॅच

अण्णा, मी तुमच्या अभ्यासिकेत नाही, विजापूर रोडकडे दुसरीकडे बसते. तुमच्या फाईलचं मला माहीत नाही. पण अशी एक फाईल मी केलीय, म्हणून लिहितेय. खरं नाव लिहायची हिंमत नाही.

आई विड्या वळते. घरी आम्ही चौघं. फी, मेस नाही म्हणून डबा, आणि अर्जाचे पैसे. एका परीक्षेला पाच-सहा पुस्तकं लागतात, दर वर्षी नवी आवृत्ती येते आणि जुनी चालत नाही असं सगळे म्हणतात. मी पंधराशे रुपये एकदम कधी हातात धरलेले नाहीत. मैत्रिणीनं भूगोलाचं पुस्तक दोन दिवसांसाठी दिलं. दोन रात्री जागून मी ३१२ पानांचे फोटो काढले. डाव्या हातानं पान दाबायचं, उजव्या हातात फोन. बऱ्याच पानांवर माझा अंगठा आलाय. तेव्हा बहिणीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते, मेंदी उतरलेली नव्हती.

मी ती फाईल फक्त दोघींना दिली. त्यातल्या एकीनं तिच्या ग्रुपवर टाकली. आठ महिन्यांनी एका मोठ्या ग्रुपवर जळगावच्या एका मुलानं नदीप्रणालीची शंका विचारली, सोबत पानाचा फोटो. त्यावर माझा अंगठा. मेंदीसकट. मी विचारलं कुठून मिळालं, तर म्हणाला एक चॅनेल आहे, ९९ रुपयांत सगळी पुस्तकं देतात.

मला ते बघून पोटात कसंतरी झालं. मी दोन रात्री जागले ते स्वतःच्या अभ्यासासाठी. कुणीतरी माझे कष्ट आणि त्या लेखकाचे कष्ट एकत्र करून ९९ रुपयांना विकतोय. मी त्याला चोर म्हणावं तर सुरुवात माझीच.

तरी एक सांगते. ज्यांच्या घरी पुस्तकाला पैसे आहेत त्यांनी आम्हाला 'चोरी करू नका' एवढंच सांगू नये. फोनवर व्याकरण वाचून डोळे चुरचुरतात, खुणा करता येत नाहीत. कागदाचं पुस्तक कुणाला नको असतं? अण्णा, तुम्ही कपाटात चारशे पुस्तकं ठेवलीत पण प्रत्येकाची प्रत एकच असणार. ६४ जणांत एक व्याकरण. रात्री दहाला ते मोकळं सापडलं तर नशीब. ज्याला चार दिवस मिळालं नाही त्याच्या हातात फोन आहेच. एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती ठेवा. माझ्या मते निम्मी झेरॉक्स तिथंच थांबेल.

जुना व्हिडिओवाला

पोरी, तू लिहिलंस हे बरं केलंस.

माझी नवी पेठेकडे व्हिडिओ लायब्ररी होती, १९८८ ते १९९७. दिवसाला दहा रुपयांनी कॅसेट. पहिली दोन वर्षं मी नीट परवान्याच्या कॅसेटी ठेवल्या. १९८४ च्या दुरुस्तीनंतर कॅसेटवर मालकाचं नाव-पत्ता आणि सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत असणं सक्तीचं होतं, ते मला माहीत होतं. पण नवा पिक्चर शुक्रवारी लागला की रविवारी गिऱ्हाईक दारात उभं. मुंबईच्या रात्रीच्या गाडीनं पिशवी यायची, सकाळी स्टेशनवरून मी स्वतः आणायचो. पडद्यावरून काढलेला पिक्चर, मध्येच कुणीतरी उठून जाताना डोकं दिसायचं, तरी लोक न्यायचे. दोन व्हीसीआर जोडून घरीच दुसरी प्रत काढायचो.

१९९७ साली धाड पडली. २१० कॅसेटी आणि दोन्ही व्हीसीआर गेले. कोर्टाच्या तारखा सहा वर्षं चालल्या. दंड भरला, दुकान विकलं. पोलिसांवर माझा राग नाही, त्यांनी पंचनामा अगदी व्यवस्थित केला होता.

मला राहून राहून आठवतो तो आमच्या गल्लीतला डोअरकीपर. जवळच्या एका थिएटरात अठरा वर्षं होता. त्याची मुलं माझ्याकडून फुकट कॅसेट न्यायची, शेजारी म्हणून मी पैसे घ्यायचो नाही. ते थिएटर पुढे बंद पडलं. मी पाडलं असं म्हणणार नाही, केबल आली, टीव्ही आला, जागेचे भाव वाढले. पण सकाळच्या खेळाला पन्नास माणसं कमी झाली असतील तर त्यातली काही माझ्या दुकानातून गेली होती, हे मी हिशेबानं सांगू शकतो. त्यानं मला कधी एक शब्द बोलला नाही. पुढं बँकेच्या एटीएमवर रखवालदार झाला.

अण्णा, आमच्या वेळी पिशवी आणणारा माणूस ठरलेला असायचा, धाड टाकायला दुकान असायचं. आता प्रत्येकाच्या खिशात दुकान आहे. माझा नातू थिएटरात बसून पिक्चरचा तुकडा स्टेटसला लावतो. त्याला सांगितलं, २०२३ ला सिनेमाचा कायदा बदललाय, थिएटरात रेकॉर्डिंगला तीन महिने ते तीन वर्षं आणि कमीत कमी तीन लाख दंड. तो म्हणाला, आजोबा सगळेच लावतात. मीही १९८९ साली हेच म्हणायचो.

बाईंना सांगून टाका. मी सांगायचा राहिलो आणि तो माणूस तीन वर्षांमागे गेला.

मुद्रितशोधक

मी पुस्तकांची प्रुफं वाचते आणि माझं स्वतःचं एक छोटं पुस्तक आहे, म्हणून आकडे सांगते. माझ्या पुस्तकाची किंमत ३०० रुपये. त्यातले ४५ टक्के, म्हणजे १३५ रुपये, वितरक आणि दुकानदाराचे. कागद-छपाई-बांधणी ८८ रुपये. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, पोस्टाची ने-आण धरून आणखी ३०. हातात राहतात ४७, तेही पुस्तक विकलं गेलं तर, आणि पैसे सहा-आठ महिन्यांनी. झेरॉक्सवाल्याला यातलं काहीच करावं लागत नाही. म्हणून त्याचं पुस्तक स्वस्त पडतं.

पैशापेक्षाही मला जास्त छळतं ते चुकांचं. पहिल्या आवृत्तीत माझ्याकडून समासाच्या एका प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलं, आधीच्या गिऱ्हाइकांना शुद्धिपत्र पोस्टानं पाठवलं. पण फिरणारी पीडीएफ पहिल्या आवृत्तीची आहे. आजही महिन्यातून एखादा मुलगा फोन करून भांडतो की तुमच्यामुळे माझा एक गुण गेला. त्याला शुद्धिपत्र कसं पोचवणार? तो माझ्या यादीतच नाही.

हक्काची मुदत मात्र मलाही फार लांब वाटते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याचे हक्क १९९१ अखेर संपत होते म्हणून १९९२ मध्ये सगळ्यांसाठीच दहा वर्षं वाढवली. त्यामुळे कितीतरी मराठी पुस्तकं अशी अडकलीत की वारस सापडत नाहीत, कुणी छापत नाही, आणि कायद्यानं दुसऱ्याला छापता येत नाही. अशा पुस्तकाचं कुणी स्कॅन करून जपलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण इथं लेखिका जिवंत आहे, पुस्तक विक्रीला आहे, आणि तिनं फोन केलाय. दोन्हीला एकच शब्द लावू नका.

रात्रीच्या बॅचवाल्या ताईची पाच-सहा प्रतींची सूचना मला फार पटली. आणि लेखिकांनीही अभ्यासिकांना थेट वितरकाच्या दरात पुस्तक द्यायला हवं. मी देईन.

अभ्यासिकावाला, सोलापूर

उत्तर द्यायला बारा दिवस लागले. वकीलसाहेब, तुमचा लेखी कबुली न द्यायचा सल्ला मी इथंच मोडलेला आहे, तेव्हा पुढचंही लिहितो.

ग्रुपवरची फाईल त्याच रात्री काढली. मग रविवारी सकाळी बाईंना फोन केला आणि ४६ चं सांगितलं. दर सांगितला, वही आहे हेही सांगितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग विचारलं, "कोणत्या आवृत्तीवरून काढल्या?" मी कपाटातलं पुस्तक बघून सांगितलं, पहिली. त्या म्हणाल्या, "मग त्या सगळ्यांना सांगा, प्रयोगाच्या प्रकरणात शेवटून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय. दुसऱ्या आवृत्तीत बदललंय." मुद्रितशोधक ताई, तुम्ही लिहिलं होतं तेच. मला त्या क्षणी उभं राहवेना. ४६ मधले एकतीस जण अजून ओळखीत होते, प्रत्येकाला निरोप दिला. बाकीचे कुठं गेले माहीत नाही.

पैशाचं मी म्हटलं, ४६ गुणिले ३८० म्हणजे १७,४८० मी देतो, हप्त्यानं का होईना. त्या नको म्हणाल्या. छपाईचा खर्च त्यांना त्या प्रतींवर झालेला नाही, हातात जे राहिलं असतं तेवढंच घेईन म्हणाल्या. त्यांच्या हिशेबानं पुस्तकामागे ११० रुपये. ५,०६० रुपये पाठवले, त्यांनी पावती पाठवली. पावतीवर 'पुस्तक विक्री' असं लिहिलंय. त्याबद्दल मी त्यांना काही विचारलं नाही.

शिवाय दुसऱ्या आवृत्तीच्या सहा प्रती मागवल्या. पहिल्या सतराव्या पानावर शिक्का मारताना हात थांबला होता. नंबरसकटच मारला. नंबर नसता तर त्यांनी फोन कुणाला केला असता?

मशीनवर कागद चिकटवलाय, अख्खं पुस्तक निघणार नाही, प्रकरणातली काही पानं लागली तर काढून मिळतील. चार जण नाराज झाले. एकजण कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, तिथं निघतं. त्याला मी अडवलं नाही, पण कपाटातली प्रत बाहेर नेऊ दिली नाही, आणि त्यावरून तो मला बरंच बोलला. या महिन्यात झेरॉक्सचं उत्पन्न निम्म्याखाली आलंय. भरून काढायला फी ६५० करायचा विचार होता, अजून धीर झालेला नाही, कारण रात्रीच्या बॅचवाल्या ताईंनी लिहिलेले पंधराशे रुपये डोळ्यांसमोर येतात.

टेलिग्रामचं काम अजून अर्धंच आहे. वकीलसाहेबांनी फोनवर समजावलं त्याप्रमाणे २०१३ च्या कॉपीराइट नियमांत तक्रारीची रीत आहे. हक्कदारानं लेखी कळवलं की मध्यस्थानं, म्हणजे टेलिग्रामसारख्या सेवेनं, ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर त्याला तो परत चालू करता येतो. तक्रार बाईंनीच करायला हवी, मला ती करता येत नाही. मी फक्त दुवे शोधून दिले, पाच चॅनेल सापडली. दोन बंद झालीत. एक नाव बदलून परत आलंय, तेच ९९ रुपयेवालं. दिल्लीतल्या एका इंग्रजीच्या शिक्षिकेनं अशाच प्रकरणात २०२२ मध्ये उच्च न्यायालयातून टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली होती, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. तेवढा खर्च बाईंना झेपणार नाही. मराठवाड्यातले आणि इकडचे असे आठ-दहा लेखक एकत्र आले तर एकच दावा लावता येईल का, हे कुणाला माहीत असेल तर लिहा. कागद जमवायचं काम मी करीन.

रात्रीच्या बॅचवाल्या ताई, स्कॅन करणारा मुलगा स्वतःहून आला परवा. नाव लिहीत नाही. त्याला मी तुमचं लिखाण वाचायला दिलं. अंगठ्याचं वाचून तो बराच वेळ फोनकडे बघत बसला.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी नव्या आवृत्तीची पानं मोठी करायला घेतलीत, फक्त कागदाचे पैसे घेऊन. ४१ झाली. लाइट गेली म्हणून थांबलोय, उरलेली रविवारी.